पाव मैलाची परीक्षा

“वीस वर्षे गाडी चालवतो आहे, आजवर साधा ओरखडासुद्धा पडलेला नाही,” असे अभिमानाने सांगणारे एखादे काका, मामा किंवा शेजारी प्रत्येकाच्या ओळखीत असतात. त्यांच्या शब्दाला घरात मान असतो आणि तो असावाही. पण विज्ञानाचा विद्यार्थी अशा वेळी मनातल्या मनात एक प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. ओरखडा पडला नाही हे खरे. पण त्यावरून सिद्ध काय झाले? चालक निष्णात आहे हे, की त्याची खरी कसोटी पाहणारा प्रसंगच इतक्या वर्षांत आला नाही हे?

या प्रश्नाचे उत्तर नेहमीच्या रस्त्यावर सहसा मिळत नाही. ते एका निराळ्याच ठिकाणी मिळते, आणि तेही पंधरा-वीस सेकंदांत. ते ठिकाण म्हणजे ड्रॅग शर्यतीची धावपट्टी. शर्यतींचे कौतुक करण्याचा या लेखाचा हेतू नाही. एखादा मुरलेला चालक आपली रोजची गाडी घेऊन त्या पट्टीवर पहिल्यांदा उतरतो तेव्हा काय घडते, आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे, याविषयी माझे मत येथे मांडावयाचे आहे.

रस्त्यावरून पट्टीवर

ड्रॅग शर्यतीइतकी साधी शर्यत दुसरी नसेल. तीत वळणे नाहीत, चढउतार नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्याची खूण होताच सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर अंतर कापतात. काही ठिकाणी हे अंतर त्याच्या निम्मे ठेवतात. जी गाडी आधी पोचेल ती जिंकली.

या शर्यतीचा जन्म अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारींची इंजिने जोरकस करून, कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवून पाहत असत. पण सरोवरे होती दूर आणि शहरातले रस्ते होते दाराशी! तेव्हा रस्त्यांवरच शर्यती लागू लागल्या आणि अपघात होऊ लागले. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिच्यामागची कल्पना सरळ होती. तरुणांची वेगाची हौस नुसत्या धाकाने जात नसेल, तर ती रस्त्यावरून उचलून बंदिस्त पट्टीवर न्यावी. तेथे गाडी तपासावी, नियम लावावेत आणि वेळ मोजावी. महायुद्धानंतर मोकळ्या पडलेल्या अनेक विमानतळांच्या धावपट्ट्या या कामी आल्या.

आजही अमेरिकेतील पुष्कळ पट्ट्यांवर अशी संध्याकाळ असते, की कोणीही सामान्य माणूस फी भरून आपली नेहमीची गाडी तेथे पळवू शकतो. गाडीची तपासणी होते आणि ठरावीक वेळेपेक्षा वेगवान गाडी असेल तर हेल्मेट सक्तीचे असते. आपले अनुभवी चालक अशाच एका संध्याकाळी रांगेत येऊन उभे राहिले आहेत, अशी कल्पना करा.

सवयींची फजिती

पहिली गंमत आरंभरेषेच्या अलीकडेच होते. तेथे जमिनीवर पाणी मारलेले असते. शर्यतीच्या खास गाड्या या ओल्या जागी मागची चाके गरगर फिरवून टायर तापवितात, कारण तापलेले मऊ रबर जमिनीला अधिक चांगले चिकटते. पुढची गाडी पाण्यातून गेली म्हणून आपले चालकही तिच्यामागून पाण्यातून जातात. पण त्यांच्या गाडीचे टायर साधे, खाचांचे! खाचांत भरलेले पाणी थेट आरंभरेषेपर्यंत येते आणि नेमकी जेथे पकड हवी तेथेच जमीन ओली होते. त्यांनी पाण्याला वळसा घालून यावयास हवे होते.

दुसरी गंमत उभे राहण्याची. रस्त्यावर रेषेच्या जवळपास थांबले की पुरते. येथे जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण आडवे सोडलेले असतात. पुढच्या चाकाने पहिला किरण अडविला की एक दिवा लागतो. काही इंच पुढे दुसरा किरण अडविला की दुसरा दिवा लागतो आणि गाडी सज्ज झाली असे ठरते. वीस वर्षे वावभर अंदाजाने गाडी थांबविणाऱ्याला येथे ती इंचाने सरकवावी लागते.

तिसरी गंमत दिव्यांची. १९६३ पासून या शर्यतीत दिव्यांचा एक खांब वापरतात. नाताळच्या झाडासारखा तो दिसतो, म्हणून त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. त्यावर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकाखाली एक लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा लागतो. हिरव्याच्या आधी गाडी सुटली तर लाल दिवा लागतो आणि शर्यत हरली. आता रस्त्याची सवय काय सांगते? हिरवा दिसला की निघावे. पण हिरवा दिसणे, मेंदूने ते जाणणे, पायाला आज्ञा पोचणे, ॲक्सिलरेटर दाबला जाणे आणि चाक किरणातून बाहेर पडणे, या सगळ्यास मिळून अर्धा सेकंद किंवा त्याहून अधिक सहज जातो. म्हणून तरबेज स्पर्धक हिरव्याची वाट पाहतच नाही. तो शेवटचा पिवळा दिसताच निघतो. स्वतःला आणि गाडीला लागणारा वेळ त्याने आधीच हिशेबात धरलेला असतो.

चौथी गंमत सर्वांत मोठी. लवकर पोचायचे म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचा, असे आपल्या चालकांना वाटते. ते तसे करतात, चाके जागच्या जागी किंचाळत फिरतात, धूर निघतो, प्रेक्षक खूश होतात आणि गाडी मात्र मागे राहते. फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग घसरत नसतो किंवा अगदी किंचित घसरत असतो, तोवर घर्षण भरपूर मिळते. तो पुरता घसरू लागला की घर्षण कमी होते. गाडीला पुढे ढकलणारे बल शेवटी या घर्षणातूनच येते. तेव्हा जमिनीला झेपेल एवढीच शक्ती चाकांना द्यावयाची, ही खरी कला आहे. अधिक जोर म्हणजे अधिक वेग, हे समीकरण येथे चुकते.

चिठ्ठी काय सांगते?

धाव संपली की चालकाच्या हातात एक लहानशी कागदी चिठ्ठी येते. माझ्या मते ही चिठ्ठी म्हणजे या खेळाने शिक्षणाला दिलेली देणगीच आहे. तिच्यावर एकच आकडा नसतो. हिरव्या दिव्यानंतर गाडी किती वेळाने सुटली, हा प्रतिक्रियाकाल अगदी वर असतो. मग ६० फुटांना किती वेळ लागला, ३३० फुटांना किती, ६६० फुटांना किती, १००० फुटांना किती आणि १३२० फुटांना किती, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेले असते. शेवटच्या ६६ फुटांतील वेगही असतो.

यातली खुबी अशी, की धावेचे घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही; चाक किरणातून बाहेर पडते तेव्हा सुरू होते. म्हणजे हिरवा लागल्यावर तुम्ही तीन सेकंद डुलकी काढलीत तरी धावेची वेळ तीच येईल! माणसाचा उशीर आणि गाडीची धाव ही दोन निराळी खाती आहेत. समजा, आपल्या चालकांचा प्रतिक्रियाकाल ०.६ सेकंद आणि धाव १५.० सेकंद, शेजारच्या पट्टीवरील मुलीचा प्रतिक्रियाकाल ०.१ आणि धाव १५.३ सेकंद. गाडी कोणाची वेगवान? आपल्या चालकांची. जिंकले कोण? ती मुलगी, कारण तिची बेरीज १५.४ आणि त्यांची १५.६. शेवटी वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर असतो, तेव्हा या ०.२ सेकंदाच्या फरकाने ते तब्बल ८ मीटर मागे राहिले. “माझी गाडी जोरदार असून हरलो कसा?” याचे उत्तर चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, याच चिठ्ठीवर एक सुंदर गणित करता येते. ४०२ मीटर १५ सेकंदांत, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला २६.८ मीटर, अर्थात ताशी सुमारे ९६ किलोमीटर. गाडीचे त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे असते तर शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ताशी १९३ किलोमीटर आला असता. पण १५ सेकंदांत धाव पुरी करणाऱ्या साध्या गाडीच्या चिठ्ठीवर शेवटचा वेग ताशी १४५ ते १५० किलोमीटरच्या आसपास असतो. मग उरलेला वेग गेला कोठे? तो कधी नव्हताच. इंजिन सारखे बल देत नाही. ते साधारणपणे सारखी शक्ती देते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. वेग वाढला की त्याच शक्तीत मिळणारे बल कमी होते आणि त्वरण मंदावते. शक्ती सारखी धरून हिशेब केला तर शेवटचा वेग सरासरीच्या दीडपट येतो. ९६ ची दीडपट किती? १४४! कागदावरचे सूत्र आणि धावपट्टीवरची गाडी किती जवळ आली, पाहा.

तज्ज्ञांचीही परीक्षा

घड्याळापुढे केवळ नवखेच उघडे पडतात असे नाही. रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक १ च्या वर जाणार नाही, असा एक समज होता. तो खरा मानला, तर गाडीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणापेक्षा, म्हणजे दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर यापेक्षा अधिक होऊ शकत नाही. एवढ्या त्वरणाने ४०२ मीटर जावयास ९ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि शेवटचा वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर होतो. तेव्हा हीच अखेरची सीमा ठरावयास हवी. पण १९६४ साली डॉन गार्लिट्स याने ताशी २०० मैलांचा, म्हणजे ३२२ किलोमीटरचा टप्पा ओलांडला. आज सर्वांत शक्तिमान वर्गातील गाड्या १००० फुटांतच ताशी ३३० मैलांपलीकडे, म्हणजे ५३० किलोमीटरहून अधिक वेगाला पोचतात, आणि तेही ४ सेकंदांच्या आत! तापलेले मऊ रबर, पट्टीवर फवारलेले चिकट द्रव्य आणि गाडीला हवेच्या जोराने खाली दाबणारे पंख, यांमुळे घर्षणाचा जुना हिशेब अपुरा पडला. निसर्गाचा नियम मोडला नाही. आपला समज मोडला.

या खेळाने अनुभवाच्या मर्यादेचा धडा फार मोठी किंमत देऊनही घेतला आहे. २००८ च्या जून महिन्यात न्यू जर्सीतील एंगलिशटाऊन येथे स्कॉट कॅलिटा हा दोन वेळचा विजेता धाव संपल्यावर गाडी थांबू न शकल्याने मरण पावला. त्याच्याइतके अनुभवी चालक थोडेच होते. त्यानंतर संघटनेने “चालकांनी जपून चालवावे” एवढे सांगून हात झटकले नाहीत. सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी शर्यतीचे अंतर १३२० फुटांवरून १००० फुटांवर आणले, म्हणजे थांबण्यासाठी ३२० फूट अधिक मिळाले. ही वैज्ञानिक वृत्ती होय. माणसाच्या कौशल्यावर विसंबून न राहता अंतरच वाढविले.

रस्ता चिठ्ठी देत नाही

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपले चालक वीस वर्षांत लाखभर किलोमीटर चालले असतील. पण त्यांच्या हातात एकदाही चिठ्ठी पडली नव्हती. पुढच्या गाडीपासून १० मीटरांवर राहून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक रोज सुखरूप घरी पोचतो. त्याची सवय चुकीची आहे. पण पुढची गाडी एकाएकी थांबत नाही, म्हणून रस्ता त्याच्या उत्तरापुढे रोज ‘बरोबर’ अशी खूण करतो. हजार वेळा बरोबरची खूण मिळाली की चुकीची सवयच ‘अनुभव’ हे नाव घेऊन बसते. रस्ता चिठ्ठी देतो तो एकदाच, आणि ती वाचावयास चालक शिल्लक असेलच असे नाही.

साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एकच सेकंद गेला, तरी गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबावयास आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२० केला तर? पहिला भाग दुप्पट होऊन ३३ मीटर. पण दुसरा चौपट होऊन सुमारे ७९ मीटर. एकूण ११२ मीटर, म्हणजे एका मोठ्या क्रीडांगणाच्या लांबीएवढे अंतर!

आणि हा एक सेकंददेखील उदार मनाने धरलेला आहे. धावपट्टीवर चालक सर्व लक्ष एकवटून दिव्याकडे पाहत असतो, दिवा लागणार हे त्याला माहीत असते, तरी पहिल्या वेळी त्याचा अर्धा सेकंद जातो. रस्त्यावर गाय आडवी येणार हे कोणी आधी पिवळा दिवा लावून सांगत नाही. म्हणूनच आपल्या देशातील रस्त्यांचे आराखडे करताना ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ चालकाच्या या काळासाठी २.५ सेकंद धरते. रस्ता बांधणारा अभियंता अनुभवी चालकालाही अडीच सेकंद देतो आणि अनुभवी चालक स्वतःला शून्य सेकंद देतो, ही विसंगती विचार करण्याजोगी नाही काय?

कोणी म्हणेल, मग अनुभव कवडीमोल का? मुळीच नाही. धावपट्टीवरही अनुभवी चालक दुसऱ्या-तिसऱ्या धावेत नवशिक्यापेक्षा लवकर सुधारू शकतो. इंजिनाचा आवाज, चाकाखालची पकड, गाडीचा कल यांची जाण त्याच्या हातापायांत असते. पण ती जाण कामी येते ती चिठ्ठी वाचल्यानंतर. ६० फुटांचा आकडा सांगतो की चाके घसरली, म्हणून पुढच्या वेळी तो पाय हलका ठेवतो. अनुभव हा उत्तम विद्यार्थी आहे. परीक्षक म्हणून मात्र तो कच्चा आहे.

दुसरा आक्षेप असा, की अशा शर्यतींची चर्चा वाचून मुले रस्त्यावर गाड्या पळवतील. माझ्या मते वस्तुस्थिती उलट आहे. महाविद्यालयाच्या फाटकासमोर मोटारसायकल पळविणाऱ्या तरुणाला आपण किती ‘फास्ट’ आहोत हे ठाऊकच नसते. तेथे ना पट्टीची तपासणी, ना थांबावयास मोकळी जागा, ना मोजमाप. असतात फक्त रस्त्याने जाणारी निरपराध माणसे. परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो असावयासच हवा. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी रीतसर मार्ग आहेत. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानधावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. वेगाची जागा पट्टीवर, रस्त्यावर नव्हे.

शाळेत काय करता येईल?

चिठ्ठीसाठी मोटार लागत नाही. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी पुरते. मित्राला फूटपट्टी उभी धरावयास सांगा. खालच्या शून्याजवळ तुमचा अंगठा आणि बोट किंचित अंतरावर उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. पट्टी १५ सेंटिमीटर घसरली तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.१७ सेकंद, २० सेंटिमीटर घसरली तर ०.२० आणि पुरे ३० सेंटिमीटर गेली तर ०.२५ सेकंद. असे दहा वेळा करून सरासरी काढा. मग १०० पासून सात-सात वजा करीत मोठ्याने म्हणत हाच प्रयोग करा. दोन्ही सरासऱ्या शेजारी शेजारी मांडा आणि गाडी चालवताना फोनवर बोलावे की नाही, ते तुमचे तुम्हीच ठरवा.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की या प्रयोगात त्यांनी स्वतः भाग घ्यावा आणि पालकसभेच्या दिवशी गाडी चालविणाऱ्या पालकांनाही बोलवावे. प्रत्येकाने पट्टी धरण्याआधी आपला अंदाज फळ्यावर लिहावा आणि मग मोजमाप त्याच्याशेजारी लिहावे. दोन आकड्यांमधील अंतर हाच त्या दिवसाचा धडा. त्यापुढे ताशी ६० किलोमीटर वेगाने त्या काळात गाडी किती मीटर जाते हे गणित मुलांनी करून दाखवावे. वडिलांना “गाडी हळू चालवा” असे सांगणे मुलांना जड जाते. पण त्यांच्याच हाताने आलेला आकडा त्यांच्यापुढे ठेवणे सोपे असते.

वीस वर्षे गाडी चालविलेला माणूस धावपट्टीवर जाऊन हातात चिठ्ठी घेतो आणि नवशिक्यासारखा ती नीट वाचतो, यात त्याला कमीपणा नाही. उलट त्या क्षणी तो खऱ्या अर्थाने अनुभवी होऊ लागतो. तुमच्यापैकी बहुतेक जण अजून गाडीच्या चाकामागे बसलेले नाहीत. परवाना मिळेल तेव्हा मिळेल; आपल्या अंदाजाला मोजमापाची जोड देण्याची सवय मात्र आजपासून लावून घेता येईल. फूटपट्टी तर दप्तरातच आहे.